बाद झालेले ४५५

अमेरिकेचा यूट्यूबर जिमी डोनाल्डसन, म्हणजे आपल्या पोरांचा ‘मिस्टर बीस्ट’, याने २४ नोव्हेंबर २०२१ ला यूट्यूबवर एक व्हिडिओ टाकला. ४५६ माणसं, हिरवे ट्रॅकसूट, छातीवर नंबर, आणि शेवटी जो उरेल त्याला ४ लाख ५६ हजार डॉलर. पैशासाठी माणसं पोरांचे खेळ खेळतात आणि हरणारा मारला जातो, अशी कोरियाची ‘स्क्विड गेम’ मालिका नेटफ्लिक्सवर आली होती त्याच वर्षी १७ सप्टेंबरला. म्हणजे सव्वादोन महिन्यांच्या आत या माणसाने मालिकेतले सेट जवळजवळ जसेच्या तसे उभे केले, माणसं जमवली, खेळ खेळवले आणि जगाला दाखवलेसुद्धा. खर्च त्याने स्वतःच सांगितला आहे: बांधकाम आणि चित्रीकरणाला सुमारे २० लाख डॉलर, बक्षिसांना सुमारे १५ लाख. तेव्हाच्या भावाने २६ कोटी रुपये झाले. ‘ब्रॉल स्टार्स’ हा मोबाइल गेम त्याचा प्रायोजक होता.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. त्याआधी कबड्डी खेळले, डाव्या कोपऱ्यावर. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्याच नजरेतून येणार आहे. शाळेतल्या मुलांना हा व्हिडिओ तोंडपाठ आहे. कुठल्या खेळात कोण पडतो, काचेच्या पुलावर कोण अडतो, सगळं ठाऊक. यंदा वार्षिक क्रीडास्पर्धांची यादी करायला बसलो, तर नववीच्या पोरांनी एकच हट्ट धरला: मॅडम, या वर्षी स्क्विड गेम घ्यायचा. मग मी तो व्हिडिओ सामना बघावा तसा पाहिला. थांबवत, मागे नेत, एकेका माणसावर नजर ठेवून.

त्यातलं जे मनापासून आवडलं ते आधी सांगते. या माणसाने हातचं राखून काही केलेलं नाही. ती अवाढव्य बाहुली, एकावर एक रचलेल्या पलंगांचं ते दालन, छताला टांगलेली पैशांची पिगी बँक, सगळं खरंखुरं बांधलेलं. काचेच्या पुलाखालची खोल दरी संगणकावर वाढवलेली आहे, पण पडणारा माणूस खरोखर पडतो, खाली फोमच्या ठोकळ्यांचा खड्डा केलेला आहे. मैदान आखणाऱ्या माणसाला यातली मेहनत कळते. आम्ही तीस मीटरचा ट्रॅक फक्कीने आखतो तेव्हासुद्धा दोरी सरळ धरायला चार पोरं लागतात आणि वारा आला की सगळं परत करावं लागतं. चारशेच्या वर माणसं एका जागी आणायची, प्रत्येकाला नियम समजेल असं सांगायचं, कोणालाही इजा होऊ द्यायची नाही आणि खेळ रंगवायचा, हे पैशाने होत नाही. त्याला आयोजक लागतो. डोनाल्डसन उत्तम आयोजक आहे यात मला शंका नाही.

खेळ तर सगळे आपल्या ओळखीचे. बाहुलीचा खेळ म्हणजे आपला स्टॅच्यू, पाठ फिरली की पळायचं, तोंड वळलं की गोठायचं. मग साखरेच्या पापडीतून सुईने आकार सोडवायचा, रस्सीखेच, गोट्या, काचेचा पूल. शेवटचा खेळ मात्र मालिकेतला नाही. तिथे त्याने संगीत खुर्ची ठेवली. आमच्याकडे गणपतीत, हळदीकुंकवाला, शिक्षकदिनाला, कुठेही माणसं जमली की जो खेळ पहिला निघतो, त्याच खेळावर साडेतीन कोटी रुपयांच्या आसपासचं बक्षीस ठरलं. ७९ नंबरचा खेळाडू जिंकला. त्याचा चेहरा बघताना माझ्याही अंगावर काटा आला, ते खोटं कशाला सांगू.

पण मी बघत होते बाद होणाऱ्यांकडे.

प्रत्येकाच्या अंगावर एक छोटं यंत्र लावलेलं. माणूस हलला की ते फट्‍ करून फुटतं आणि तो जमिनीवर पडतो, गोळी लागल्यासारखा. पहिल्याच खेळात कितीतरी जण असे पडतात. कोणी हसत पडतो, कोणी डोकं धरून बसतो, एखाद्याला आपण बाद झालो हे दोन क्षण कळतच नाही, तो शेजारच्याकडे बघतो. आणि कॅमेरा पुढे निघून जातो. मी गणित करून पाहिलं. व्हिडिओ २५ मिनिटांच्या थोडा वर आहे, म्हणजे दीड हजार सेकंद. ४५६ माणसांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वातीन सेकंद येतात. त्यातले बरेचसे शेवटच्या काही जणांना गेलेले. म्हणजे शेकडो माणसं अशी, की जी त्या दिवसासाठी घरून निघाली, रात्री झोप लागली नसेल, सकाळी ट्रॅकसूट घातला, आणि त्यांच्या वाट्याला एक फट्‍ आला.

हे मुद्दाम कोणी दुष्टपणे करतं असं मला वाटत नाही. खेळाच्या रचनेतच ते आहे. २०२४ मध्ये त्याच्या कंपनीतल्या नव्या माणसांसाठी लिहिलेलं एक टिपण बाहेर फुटलं. प्रेक्षक सगळ्यात जास्त गळतात ते पहिल्या मिनिटाला, म्हणून त्या मिनिटात काय घडायला हवं, पुढे तीन मिनिटांपर्यंत काय, सहा मिनिटांपर्यंत काय, याचा त्यात बारीक विचार केलेला आहे. बघणारा गळू नये म्हणून खेळणारा पटापट गळायला हवा, असा तो हिशोब होतो. बाद झालेल्यापाशी थांबलं तर व्हिडिओ सैल पडतो.

बक्षिसांचा आकडा पुन्हा बघा. एकूण १५ लाखांतले ४ लाख ५६ हजार विजेत्याचे. उरलेले दहा लाखांहून जास्त डॉलर बाकीच्यांत गेले. चांगली गोष्ट आहे ती, आणि माझ्या मुलांना मी ती सांगितली. त्यांना ती माहीत नव्हती. तोंडपाठ असलेल्या व्हिडिओतली ही गोष्ट त्यांच्या लक्षात राहिली नव्हती, कारण व्हिडिओचा भरच त्यावर नाही.

आता कबड्डी.

जुनी माणसं सांगतात, आणि नियमांच्या इतिहासातही आहे, की पूर्वी कबड्डी तीन तऱ्हेने खेळली जायची. अमर: यात गडी बाद झाला तरी मैदानातच राहतो, समोरच्याला फक्त गुण मिळतो. गामिनी: यात बाद झालेला गडी बाहेर जातो तो गेलाच, सगळा संघ बाद होईपर्यंत त्याला परत येता येत नाही. आणि संजीवनी: यात गडी बाहेर जातो, पण आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की आपला एक गडी जिवंत होऊन आत येतो. पुढे कबड्डीचे नियम एकसारखे होत गेले तेव्हा टिकली ती संजीवनी. आज टीव्हीवर प्रो कबड्डीत बघता तो हाच नियम. बोनसच्या गुणाने कोणी जिवंत होत नाही, त्यासाठी समोरचा गडीच मारावा लागतो. सगळे बाद झाले तर लोण चढतो, दोन जादा गुण जातात, आणि सगळे पुन्हा उभे राहतात.

गामिनी का मागे पडली याचं माझ्यापुरतं उत्तर मला बाकावर बसून मिळालेलं आहे. संजीवनीत बाद झालेली मुलगी मागच्या रेषेबाहेर बसते, ज्या क्रमाने बाद झाल्या त्याच क्रमाने सगळ्या ओळीने. जी आधी गेली ती आधी परत येणार. त्या बसण्यात केवढा जीव असतो! गुडघे वर, टाचा जमिनीत रुतलेल्या, चढाईला गेलेल्या आपल्या मुलीच्या पावलावर नजर. तिने निदान रेषा, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते ती रेषा, ओलांडली का, समोरचा कोपऱ्यावरचा गडी उचलला जातोय का, सगळं बाहेरच्यांना आतल्यांपेक्षा आधी दिसतं. आणि ती हात लावून परत मध्यरेषेवर पडली की पंचाच्या शिट्टीआधी बाहेरची उठलेली असते. मैदानावर सगळ्यात मोठा आवाज बाद झालेल्यांचा असतो, कारण त्यांचा खेळ अजून चालूच असतो. कॅप्टन चढाईला कोणाला पाठवते हेसुद्धा बाहेर कोण बसलंय त्यावर ठरतं. आपली चांगली चढाईपटू बाहेर असेल तर सोपा गडी टिपायचा, गुण एकच मिळेल पण ती आत येईल. म्हणजे सगळा डाव बाद झालेल्याभोवती फिरतो.

मिस्टर बीस्टचा खेळ ही टोकाला नेलेली गामिनी आहे, जिच्यात लोण नाही आणि दुसरा डावही नाही.

शाळेत याचा परिणाम काय होतो ते मी रोज बघते. आठवीत एक मुलगी आहे. अंगाने जड, पळायला मंद, पण खेळायची हौस दांडगी. संगीत खुर्चीत ती पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत जाते. मग उरलेला सगळा वेळ भिंतीला टेकून. ज्या मुलांना हालचालीची, सरावाची सगळ्यात जास्त गरज, तीच सगळ्यात आधी बसतात, आणि जी आधीच चपळ आहेत ती शेवटपर्यंत पळतात. शारीरिक शिक्षणात हे फार जुनं दुखणं आहे. अमेरिकेतले शारीरिक शिक्षणाचे एक अभ्यासक नील विल्यम्स यांनी १९९२ मध्ये शाळेत खेळवू नयेत अशा खेळांची एक यादीच काढली होती, तिच्यात डॉजबॉलच्या जोडीला संगीत खुर्चीही आहे. कारण हेच: बाद झालेलं मूल बसून राहतं, आणि सगळ्यांदेखत बसतं. मला त्यांचं सगळं पटत नाही. पळण्याच्या रिलेसुद्धा त्यांनी त्या यादीत घातल्या आहेत, आणि रिलेशिवाय क्रीडास्पर्धा मला कल्पनेतही आणता येत नाहीत. पण संगीत खुर्चीबद्दल ते बरोबर आहेत.

मालिकेचाही इथे विचार करायला हवा. ती मोठ्यांसाठी आहे, मुलांनी बघू नये असंच मी पालकांना सांगते, पण मी पाहिली आहे. ह्वांग डोंग-ह्यॉक या दिग्दर्शकाकडे ती गोष्ट दहा वर्षांहून जास्त काळ पडून होती, कोणी पैसे लावत नव्हतं. कर्जात बुडालेली माणसं पैशासाठी पोरांचे खेळ खेळतात आणि हरला की मारलं जातं, हे ऐकूनच लोक मागे सरायचे. पण त्या मालिकेत मरणाऱ्याला नाव आहे. १९९ नंबरचा अली, गोट्यांच्या खेळात विश्वासाने फसलेला. २४० नंबरची जी-यॉंग, जी मैत्रिणीसाठी मुद्दाम गोटी खाली टाकते. बघणारा माणूस विजेत्यापेक्षा यांच्यासाठी रडतो. लिहिलेल्या गोष्टीत बाद होणाऱ्यांना नावं मिळाली, आणि खऱ्या माणसांचा खेळ झाला तेव्हा फक्त नंबर उरले. मालिका पाहून हा खेळ बांधायचा होता तर बांधायची गोष्ट ही होती, बाहुली नंतर.

तो खेळ मुलांपर्यंत कसा पोचतो हेही जगाने पाहिलं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्येच, म्हणजे मिस्टर बीस्टच्या व्हिडिओच्याही आधी, बेल्जियममधल्या एरक्लिन गावच्या एका शाळेने पालकांना कळवलं होतं की मुलं मैदानावर बाहुलीचा खेळ खेळतायत आणि हरणाऱ्याला मारतायत. आमच्या शाळेत मार नव्हता, पण ‘फट्‍’ म्हणून बोट रोखायचं आणि समोरच्याने पडायचं हे मधल्या सुट्टीत सुरू झालं होतं. पडणारी मुलं नेहमीचीच. पहिले दोन दिवस त्यांनाही मजा वाटते.

पुढे हा प्रकार वाढतच गेला. नेटफ्लिक्सने २०२३ मध्ये स्वतःच ‘स्क्विड गेम: द चॅलेंज’ काढला, पुन्हा ४५६ माणसं, बक्षीस ४५ लाख ६० हजार डॉलर. २८७ नंबरच्या माई व्हेलन जिंकल्या. बाहुलीचा खेळ इंग्लंडात कार्डिंग्टनच्या जुन्या हवाई जहाजांच्या प्रचंड शेडमध्ये झाला, ऐन जानेवारीच्या थंडीत, आणि माणसांना बराच बराच वेळ गोठून उभं राहावं लागलं. तिघांना वैद्यकीय मदत द्यावी लागली असं निर्मात्यांनीच सांगितलं. मला यात नवल वाटलं नाही. माणूस चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू पायातलं रक्त वर ढकलत असतात. निश्चल उभं राहिलं की ते काम थांबतं, रक्त पायात साठतं, डोक्याला कमी पडतं आणि माणूस कोसळतो. १५ ऑगस्टला भाषण लांबलं की रांगेतलं एखादं पोर धाडकन पडतं ते यामुळेच. लोक म्हणतात उपाशी आलं असेल. कधी तसंही असतं. पण मी सावधानमध्ये उभ्या असलेल्या मुलांना आधीच सांगून ठेवते: गुडघे ताठ ओढू नका, बुटातल्या बुटात अंगठे हलवत राहा, पोटरी आवळा आणि सोडा, बाहेरून कोणाला दिसत नाही. लाखो डॉलरच्या खेळात उभ्या असलेल्या माणसाला हे कोणी सांगितलं असेल तर बरं.

डिसेंबर २०२४ मध्ये डोनाल्डसनचे ‘बीस्ट गेम्स’ प्राइम व्हिडिओवर आले. १००० स्पर्धक, बक्षीस आधी ५० लाख डॉलर, शेवटी ते १ कोटी झालं. त्याआधीची चाळणी जुलैत लास व्हेगासच्या स्टेडियमवर २००० माणसांत झाली, आणि तिथे जेवण, औषधं, वैद्यकीय सोय नीट नव्हती अशा तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या. सप्टेंबरमध्ये पाच स्पर्धकांनी नावं न देता लॉस एंजेलिसच्या न्यायालयात दावा लावला. आयोजकांनी हवामान, संगणकयंत्रणांचा त्या आठवड्यातला गोंधळ आणि नियोजनातल्या अडचणी अशी कारणं दिली. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. मी तालुका पातळीच्या स्पर्धा भरवल्या आहेत, त्यामुळे एवढंच म्हणेन की मुलांच्या पाण्याचा टँकर आला नसेल तर पहिला सामना सुरू करत नाहीत, मग पाहुणे कितीही खोळंबोत.

त्याच बीस्ट गेम्समध्ये मला एक फार मोठी गोष्ट सापडली. चार गटांचे चार कॅप्टन निवडले. मग प्रत्येक कॅप्टनला सांगितलं: तू तुझ्या सगळ्या गटाला बाद कर, तुला पैसे. रक्कम चढत चढत १० लाख डॉलरपर्यंत नेली. नाही म्हटलं तर कॅप्टनला काहीच नाही. चौघांनीही नकार दिला. साडेआठ कोटी रुपये समोर आहेत, ज्यांच्यासाठी नाही म्हणायचं ती माणसं काही दिवसांपूर्वीपर्यंत अनोळखी होती, आणि चौघंही नाही म्हणतात. मी तो भाग कबड्डीच्या मुलींना दाखवला. आमची कॅप्टन दहावीत आहे, बोलायला कमी. ती म्हणाली, “मॅडम, पैसे घेऊन तो गेला असता तर पुढं कुणासंगं खेळला असता?” तिला त्यात थोर वगैरे काही दिसलंच नाही. तिच्या दृष्टीने तो कॅप्टन सरळ हिशोबाने वागला होता. संजीवनीत वाढलेली पोर आहे ती.

त्या एका भागात खेळ कसा उंच गेला ते बघा. आणि तो उंच गेला कारण बाद होऊ शकणारी माणसं त्या कॅप्टनच्या पाठीमागे उभी होती, सगळ्यांना दिसत होती.

तर आमच्या शाळेत यंदा स्क्विड गेम झाला. मी नाही म्हटलं नाही. मुख्याध्यापकांना ‘पारंपरिक खेळ’ असं नाव दिलेलं आवडलं, मुलांनी ते नाव फलकावर लिहिलं आणि खाली कंसात बाहुली काढली. सात-सात जणांचे संघ केले, कबड्डीसारखेच, प्रत्येक संघात पाचवी ते दहावीतले मिळून. आणि पहिला नियम संजीवनीचा.

स्टॅच्यूत हललेला मागच्या रेषेवर जाऊन बसतो. संघातलं कोणी पलीकडे पोचलं की सगळ्यात आधी बसलेला उठून पुन्हा निघतो. त्यामुळे पुढे पोचलेली मुलं मागे वळून ओरडायला लागली, “ऊठ, ऊठ, तुझा नंबर!” आणि आठवीतली ती मुलगी त्या एका खेळात दोनदा बाद होऊन तिसऱ्यांदा पार झाली. बाद होऊन परत येणाऱ्याला बैठका किंवा सूर्यनमस्कार घालायला लावावेत असं एका सरांनी सुचवलं. मी ते घेतलं नाही. व्यायाम शिक्षा म्हणून दिला की मूल जन्मभर व्यायामाला शिक्षा समजतं.

साखरेच्या पापडीला आमच्या पोषण आहाराच्या ताईंनी हात दिला. कढईत साखर मंद आचेवर वितळवायची, चिमूटभर खायचा सोडा, भराभर ढवळायचं, फसफसून रंग पिवळसर झाला की लगेच ताटात ओतायचं. ताटाला तूप लावलेलं नसेल तर निघत नाही. साचा दाबायची वेळ फार थोडी असते. आधी दाबला तर आकार बुजतो, नंतर दाबला तर पापडीच तडकते. जोडीतल्या एकाची तुटली तर त्याने दुसऱ्याचं ताट स्थिर धरायचं, दुसऱ्याची सुटली की दोघंही आत. हे ताट धरणं मला फार आवडलं. सुई चालवणाऱ्यापेक्षा ताट धरणाऱ्याचा श्वास जास्त अडकलेला असायचा.

गोट्यांत जोडीची बेरीज धरली. संगीत खुर्चीत खुर्च्या काढत गेलो, मुलं नाही. दर फेरीला खुर्ची कमी आणि सगळ्या संघाने तिच्यावर मावायचं, पाय जमिनीला लागला तर फेरी पुन्हा. शेवटी एका बाकड्यावर सात मुलं एकमेकांच्या शर्टाला धरून उभी होती आणि पाचवीतलं पोर खांद्यावर. जास्त वेळ टिकला तो संघ पुढे.

नववीतला एक मुलगा मात्र ठाम विरोधात होता, आणि त्याचं म्हणणं इथे नोंदवायलाच हवं. “मॅडम, परत येता येतं म्हटल्यावर भीती कसली? भीती नसंल तर खेळाला काय चव?” प्रश्न खरा आहे. भीती हवीच. मी जिंकण्या-हरण्याच्या विरोधात नाही, सगळ्यांना प्रमाणपत्र वाटण्याच्या तर अजिबात नाही. पण कबड्डीत शेवटच्या मिनिटाला तीन गडी बाहेर बसलेले आहेत, आत चार आहेत, दोन गुणांनी मागे आहोत, तेव्हाची भीती त्याने स्वतः अनुभवलेली आहे. परत येता येतं, पण घड्याळ थांबत नाही. आणि आपल्या चुकीने दुसऱ्याचं परत येणं लांबतं. ही भीती बाहुलीसमोरच्या भीतीपेक्षा लहान आहे असं मला वाटत नाही. तो अजून कबूल नाही. बक्षीस एकालाच मिळालं पाहिजे असं त्याचं मत आहे, आणि त्याच्या संघाने मिळवलेल्या व्हॉलीबॉलवर सातांचा हक्क कसा चालणार यावर तो रोज मला गाठून बोलतो.

अडलं आहे ते रस्सीखेचीवर. तिथे संजीवनी कशी आणायची? संघ ओढला गेला की अख्खा संघच गेला, एकेक गडी बाद होत नाही. तीन ओढ्यांतून दोन हा नेहमीचा नियम आहे, पण पहिली ओढ हरलेला संघ दमलेला असतो आणि दुसरीत जवळजवळ नेहमीच हरतो, म्हणजे परत येण्याची संधी नुसती कागदावर. दोन ओढ्यांच्या मध्ये पुरेसा वेळ द्यावा, की हरलेल्या संघाला एक गडी वाढवून द्यावा? गडी वाढवला तर वजनाचा हिशोब बिघडतो आणि मोठी मुलं मुद्दाम पहिली ओढ सोडतील. दोरी हाताला गुंडाळायची नाही हा नियम मात्र कुठल्याही तऱ्हेत पक्का ठेवा. १९९७ मध्ये तैपेईत हजाराहून जास्त माणसांच्या रस्सीखेचीत दोर तुटून दोघांचे हात तुटले होते. तुमच्या शाळेत कोणी रस्सीखेच वेगळ्या नियमाने घेत असेल तर खाली सविस्तर लिहा, संघ कितीचा, वजनगट कसे, मधली विश्रांती किती. जिल्ह्याच्या क्रीडाशिक्षकांची बैठक होईल तेव्हा ते नियम मी तिथे मांडणार आहे.